दिगू, नाचऱ्यांची घरटी होती

१९९५ साल. मला सदुसष्ट पूर्ण झाली, तुला साठ. जायची पाळी कोणाची होती ते कोणीही सांगेल. पण रांगेत मध्ये घुसायची खोड तुला लहानपणापासूनच होती.

तुझे विद्यार्थी येऊन गेले. जामबागच्या कॉलेजातली पोरं, आता त्यांचीच डोकी पांढरी व्हायला लागलीत. तुझ्या आठवणींचं पुस्तक काढणार म्हणाले. मोठा भाऊ म्हणून सुरुवातीची पानं माझी. त्यातला एक चष्मेवाला म्हणाला, काका, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो, नीटनेटकं करून छापतो. मी म्हटलं, नक्को. मला लिहिता येतं.

त्याला काय माहीत. मी तिसरीपर्यंत शिकलो ते निजामाच्या शाळेत, उर्दूत. बाप गेला, शाळा सुटली. मराठी अक्षरं मला तू शिकवलीस, तू कॉलेजात जायला लागल्यावर. पंचवीस-सव्वीस वर्षांचा बाप्या मी, अफझलगंजला दिवसभर पोती उचलून यायचो, आणि तू मला पाटी देऊन समोर बसवायचास. ‘ळ’ चुकला की बोटावर पट्टी. मिसरूड फुटलेल्या पोरानं थोरल्या भावाला पट्टी मारायची, आणि माय चुलीपाशी बसून हसायची. मारही खाल्ला आणि शिकलोही. ती पट्टी मी कधी विसरलो नाही, आणि तुला कधी सांगितलंही नाही की दुकानावरची पहिली पाटी वाचली त्या दिवशी मी ती तीनदा वाचली होती.

तर पोरांना सांगून ठेवलंय, यातली एक ओळ काढायची असेल तर सगळंच काढा. तू किती मोठा होतास ते पोरं लिहितील. तू मरायला टेकला असताना मी तुला कसं फसवलं ते मी लिहिणार आहे. ते या पोरांपैकी कोणाला माहीत नाही.

बेटाचं पोरांसाठी सांगतो, तू ऐकून घे. शहराबाहेरच्या आपल्या तलावात मधोमध एक टेकाड आहे. बांध घातला तेव्हा भोवतालचं सगळं पाण्याखाली गेलं, टेकाडाचा माथा तेवढा वर राहिला. त्यावर झाडी. सीताफळ, चंदन, बाभूळ, करवंदीच्या जाळ्या. मी तिथला राखणदार, फॉरेस्ट खात्याचा. होडी सरकारची, पण वल्हवणारा मीच. वय झालं, नोकरी संपली, तरी त्या पाण्यावरचा वारा दुसऱ्या कोणाला ओळखता येईना म्हणून मला रोजावर ठेवून घेतलं. झाडीत होले होते, दयाळ होते, आणि नाचरे होते. नाचरा म्हणजे चिमणीएवढं काळं पाखरू, भुवई पांढरी, शेपटी जपानी पंख्यासारखी उघडून फांदीवर सारखं गरागरा फिरणारं. कोळ्याचं जाळं लिंपून वाटीसारखं घरटं करतं, तेही माणसाचा हात पोचेल इतक्या खाली. मूर्ख पाखरू. मला त्याच्याइतकं दुसरं काही आवडलं नाही.

वीसेक वर्षांपूर्वीचे साहेब पाखरांचे शौकीन होते. एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत रानमांजरानं घरट्यावरचा नाचरा उचलला. साहेब हळहळले. म्हणाले, केरबा, हे बेट पाखरांचं आहे, मांजरांचं नाही. मला तेवढं पुरे होतं. दोन हिवाळे मी फासे लावले, पिंजरे लावले. सापडलेलं मांजर पिंजऱ्यातच काठीनं संपवायचो. पिल्लं पोत्यात घालून पोतं पाण्यात धरायचो, हलायचं थांबेपर्यंत. धामणी दिसतील तिथं ठेचल्या. बेटावर एक मांजर ठेवलं नाही. मग ऑफिसच्या आवारात मांडव टाकून मला शाल आणि नारळ दिला. तू पहिल्या रांगेत होतास, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा माणूस. तूही टाळ्या वाजवल्यास.

हे मी तुला पुढे हजारदा ऐकवलं. आणि हजारदा तू म्हणालास, दादा, तेव्हा मलाही अक्कल नव्हती. हे उत्तर मला आजही पटत नाही, दिगू. तुला नंतर अक्कल आली म्हणून तू सुटलास. मला आली नाही म्हणून मी खुनी. हा कुठला न्याय?

दुसरं काम मी पुण्य म्हणून केलं. आपल्या गावाकडं मळणी झाली की माय पहिलं सूपभर धान्य पाखरांना टाकायची, पाखरांचा वाटा म्हणून. तो टाकल्याशिवाय खळ्यातला दाणा घरात येत नसे. माय गेली. आपल्याला ना खळं राहिलं ना शेत. मग मी तिच्या नावानं रोज सकाळी बेटावर ओंजळी ओंजळीनं जोंधळे टाकायला लागलो. पोतं होडीतून न्यायचो. एक दिवस चुकवला नाही, तापात नाही, बायको गेली त्या दिवशी नाही.

आणि बेट मुकं होत गेलं. एका साली नाचरे कमी दिसले, पुढच्या साली त्याहून कमी. मी म्हणायचो, उन्हाळा कडक आहे. तू दर रविवारी हिमायतनगरहून दोन बसा बदलून यायचास, पिशवीत वही, थर्मास आणि बिस्किटांचा पुडा. बेटावर बसून नुसता ऐकायचास. मला चहा ओतून द्यायचास आणि स्वतः बशीनं प्यायचास, प्रोफेसर झालास तरी. ते रविवार मला आवडायचे. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. तेव्हा मी म्हणायचो, आला बघा साहेब माझं काम वाढवायला.

असाच एका रविवारी तू म्हणालास, नाचरा किडे खातो, दादा. तो दाणा खाणारा पक्षीच नव्हे. तुझे जोंधळे कोण खातं ते एकदा बसून बघ.

मी म्हटलं, त्यात मायचं नाव आहे, तोंड सांभाळून बोल.

तू वही मिटलीस आणि म्हणालास, “मायच्या नावानं तू उंदीर पाळलेस, दादा. आणि त्यांना खाणारं होतं ते मारून टाकलंस.”

मी तुला त्या दिवशी होडीतून परत आणलं, वाटेत एक शब्द बोललो नाही, आणि पुढचे तीन महिने नाही. तू रविवारी यायचास, बांधावर बसायचास, मी होडी काढायचो नाही. तूही हट्टी. बांधावर बसून वही लिहून परत जायचास. आपल्या रक्तात दुसरं काही नसेल, हे आहे.

पण मी बसून बघितलं, दिगू. तुला सांगितलं नाही एवढंच. एका पहाटे उजाडायच्या आधी गेलो आणि करवंदीच्या जाळीपाशी दबून बसलो. जमीन हलत होती असं वाटलं, एवढे उंदीर. कोळ्यांच्या होड्यांतून कधीतरी दोनचार आले असतील, बाकीचे माझ्या ओंजळीतून वाढले. दाणे संपवून ते झाडावर चढले. हाताच्या उंचीवर नाचऱ्याचं घरटं होतं. उंदीर घरट्याच्या काठावर बसून पिल्लाचे पाय खात होता. पिल्लाची चोच उघडी होती. आई आली समजून ते घास मागत होतं.

दुसऱ्या दिवसापासून जोंधळे बंद केले. तुला सांगितलं, कंबर धरलीय, पोतं उचलत नाही. तू माझ्याकडं बघितलंस आणि हौ म्हणालास. फक्त हौ. तुला कळलं होतं, आणि मला कळलं होतं की तुला कळलं. त्या दिवशी तू आणखी एक शब्द बोलला असतास तर मी तुला पाण्यात ढकललं असतं. तू बोलला नाहीस. त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहून गेले.

मग तू ती मांजरांची गोष्ट काढलीस. जी मी मारली तीच जात परत आणून सोडायची. तोवर सगळं बदललं होतं. हिमायतनगरला काचेची दुकानं झाली, घराघरात चाळीस चॅनेलं आली, आणि ऑफिसात नवे साहेब आले, तेलुगू, तरणे, भले माणूस पण घाईतले. त्यांच्याकडं रोज कोणीतरी गाडीतून येऊन बसायचं. त्यांना बेट पाहिजे होतं. होटेल काढायचं, पाण्यावर मोटरबोटी, झाडांना दिव्यांच्या माळा. साहेब तुला म्हणाले, प्रोफेसरसाब, आता सगळं खुलं झालंय, आम्ही तरी किती दिवस अडवायचं. पाखरंच नाहीत तर झाडी कोणासाठी ठेवायची?

तू त्यांच्याकडून दोन उन्हाळे मागून घेतलेस. रानमांजरं सोडायची, उंदीर हटतात का बघायचं. नाचऱ्यांनी घरटी करून पिल्लं उडवली तर बेट झाडीच राहील. नाही झालं तर मांजरं पकडून न्यायची आणि बेट होटेलवाल्यांना. साहेबांनी तसं कागदावर घेतलं, खाली तुझी सही.

तीन मांजरं आली, उसाच्या फडात पकडलेली. दोन माद्या, एक बोका. पिंजरे होडीत घालताना मी तुला म्हटलं, वऱ्हाड निघालं का, अक्षता आणू? तू म्हणालास, आण की, आणि नवरीचा मामा तूच, पिंजऱ्यामागं उभा राहा. मामा म्हणून मीच दारं वर ओढली. बोका बाहेर आला, माझ्याकडं बघून फिसकारला आणि जाळीत शिरला. तू लहान पोरासारखा हसत होतास. मी मनात म्हटलं, आता बघच.

पहिल्या उन्हाळ्यात उंदीर कमी झाले. ते मला दिसत होतं. पण मी उंदीर बघत नव्हतो. मांजरानं होला खाल्लेला सापडला की मला आनंद व्हायचा, खोटं का बोलू. एक दिवस जाळीखाली नाचऱ्याचा पंख सापडला, मुळाशी ओला. मी तो रुमालात बांधला, दोन बसा बदलून हिमायतनगरला आलो आणि तुझ्या जेवायच्या ताटाशेजारी ठेवला. तुझी बायको कुमुद वाढत होती. ती म्हणाली, भावजी, हे काय, जेवताना? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या लग्नातला आहेर आहे.

तू जेवण थांबवलं नाहीस. हात धुऊन आलास, पंख उलटसुलट बघितलास, वहीत नोंद केलीस. म्हणालास, मांजर नाचरा खाणारच, दादा. महिन्यात एखादा खाईल. उंदीर एका रात्रीत घरटी साफ करतो. मला एक पंख दाखवू नकोस, सगळं बेट बघ. मी म्हटलं, मला शिकवू नको. आणि जेवून निघालो. कुमुदनं त्या दिवशी वांग्याची भाजी फार चांगली केली होती.

पुढचा उन्हाळा यायच्या आत तुझी मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, बाकीचे दिवस पलंग. पाय पाणी भरून सुजलेले. बस तर दूरच, जिना उतरवेना. तू मला बोलावून घेतलंस, वही माझ्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालास, आता डोळे तुझे. तू बघ आणि येऊन सांग, मी लिहितो.

तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाटलं, जन्मभर तू लिहिलंस, मी वल्हवलं. आता तरी माझ्या शब्दावर तुझी वही चालेल.

आणि मी बघितलं. यावेळी खरंच सगळं बेट बघितलं, रोज, सकाळ-संध्याकाळ. होळीनंतर करवंदीजवळ नाचऱ्याची जोडी जाळं गोळा करताना दिसली. मग चंदनापाशी दुसरी. मग उताराच्या बाजूला तिसरी. मी श्वास धरून फिरत होतो. अंडी झाली, पिल्लं झाली, आणि एका सकाळी पहिल्या घरट्यातली तिन्ही पिल्लं फांदीवर रांगेत बसली होती, बिनशेपटीची, आणि आईबाप त्यांच्याभोवती फेर धरून नाचत होते. दयाळही गात होता. किती वर्षांनी बेट बोलत होतं. मी तिथं मातीत बसून रडलो. हेही तुला सांगितलं नाही. त्याच दुपारी बस पकडून तुझ्याकडं निघालो, तुला सांगायलाच. वाटेत तुझ्यासाठी संत्री घेतली. डॉक्टरनं तुला संत्री बंद केलीत हे विसरून घेतली, एवढा मी खुशीत होतो.

तुझ्याकडं तीनचार विद्यार्थी बसले होते. तू त्यांना बेटाची गोष्ट सांगत होतास. मी दारात चपला काढत होतो, तुझी माझ्याकडं पाठ होती. तू म्हणालास, “आमच्या दादानं शाल घेऊन बेट मारलं. मी बिनशालीचा, ते जिवंत करायला बसलोय.”

पोरं हसली. तूही हसलास. तुझं हसू खोकल्यात गेलं. त्यात वाईट काही नव्हतं, ते मला आज कळतं. तू असाच बोलायचास, माझ्यासमोरही. पण त्या दिवशी मी संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभा, आणि पाच माणसं माझ्यावर हसतायत. मी आत आलो. तू वळून बघितलंस. तुझा चेहरा कसा झाला होता, दिगू, सगळा गळून नुसते डोळे उरले होते. म्हणालास, आलास? सांग लवकर, काय झालं?

मी म्हटलं, “सगळी खाल्ली तुझ्या मांजरांनी. एक घरटं नाही.”

हे आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं. आणि निघाल्यावर परत घ्यायला पाहिजे होतं. पोरं गप्प झाली, तू गप्प झालास, आणि मला बरं वाटलं. सगळं गप्प करणारा मी आहे असं वाटलं. संत्री कुमुदनं आत नेली.

पुढच्या खेपेला सांगायचं असं मनाशी घोकत गेलो. बसमध्ये वाक्यही जुळवलं होतं. तू पलंगावर उठून बसला होतास, उशीला टेकून, वही उघडून. म्हणालास, दादा, एखादं तरी उशिराचं घरटं असेल, नीट बघितलंस का? उताराच्या बाजूला गेलास का? त्या ‘नीट बघितलंस का’नं माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं त्या पाण्यावर काढली मी, आणि हा मला विचारतो नीट बघितलंस का. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांवर भरवसा नसेल तर दुसरा नोकर ठेव.

तू म्हणालास, नाही रे, भरवसा आहे. आणि वहीत काहीतरी लिहिलंस. अक्षर ओळीखाली घसरत होतं. मला अक्षर नीट काढ म्हणून पट्टी मारणाऱ्याचं अक्षर.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कुमुद दारातच भेटली. हळू आवाजात म्हणाली, भावजी, यांनी काल ऑफिसला पत्र पाठवलं. दोन दिवस लागले लिहायला. मला लिहू दिलं नाही, म्हणाले माझी चूक माझ्या हातानं लिहितो. मी विचारलं, कसलं पत्र. ती म्हणाली, मांजरांचं. तेव्हाही सांगता आलं असतं. ऑफिस काय, तिथंच आहे, पत्र परत घेता आलं असतं. कुमुदनं पोहे पुढं ठेवले. मी पोहे खाल्ले.

मग आत आलो. तू डोळे मिटून होतास. मी बसलो तशी तू हात पुढं केलास, माझा धरलास. तुझा हात कोरडा, कागदासारखा. डोळे न उघडता म्हणालास, “दादा, तू बरोबर होतास.”

दिगू, हे वाक्य ऐकायला मी जन्म काढला होता. पाटीवरच्या ‘ळ’पासून. तू बरोबर होतास दादा. ते मिळालं, आणि मी घेतलं. परत केलं नाही. हौ म्हटलं आणि तुझा हात चादरीखाली ठेवला. परतीच्या बसमध्ये ते गोड लागत होतं, किती लांबपर्यंत गोड लागावं? शहर संपून तलावाचा बांध दिसेपर्यंत. मग बांधावर उतरलो, आणि समोरून पाण्यावरून नाचऱ्यांचे आवाज येत होते, पिल्लांसकट. ते काही थांबत नव्हते. मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

चार दिवसांनी तू गेलास. मला सांगायला अजून एक रविवार आहे असं वाटत होतं. मरायची तुला एवढी काय घाई होती? सगळी कामं वेळेवर, हेही वेळेवर.

अग्नी तुझ्या मुलानं दिला. लोक माझ्याजवळ येऊन म्हणत होते, थोरल्यानं धाकट्याचं बघायचं म्हणजे फार कठीण. मी मान हलवत होतो. माझं कठीण त्यांना माहीत नव्हतं.

अकराव्या दिवशी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. आवारात पिंजरे येऊन पडले होते. साहेबांनी तुझं पत्र काढलं. इंग्रजीत होतं, त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला, सावकाश, हिंदीत. प्रयोग फसला, दोष माझा, मांजरं पकडून न्यावीत. मी विचारलं, एवढंच? साहेब म्हणाले, खाली तुमच्याबद्दल आहे. माझे भाऊ शिकलेले नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांइतका पक्का पुरावा मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नाही, त्यांनी पाहिलं ते खरं धरावं.

मग साहेब म्हणाले, परवापासून पिंजरे लावा ताता, होटेलवाले पुढच्या आठवड्यात मोजणीला येतील. ताता म्हणजे त्यांच्या तेलुगूत आजोबा.

मी उभा राहिलो. कारकून होता, शिपाई होता, दोन फॉरेस्टवाले होते. त्या सगळ्यांसमोर म्हटलं, मी भावाशी खोटं बोललो, साहेब. घरटी आहेत. पिल्लं उडाली. मांजरं ठेवा.

कारकून लिहायचा थांबला. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, “ताता, झूट तब बोले थे, कि अब बोल रहे?”

  साहेबांनी पत्र पुन्हा वाचलं. मग म्हणाले, प्रोफेसरसाबचं लिहिलेलं माझ्याकडं आहे, तुमचं तोंडचं आहे. मी स्वतः येऊन बघतो, परवा सकाळी, मला एकच सकाळ मोकळी आहे. घरटी दिसली तर ठीक. नाही दिसली तर त्याच होडीतून पिंजरे जातील. आणि काही असो, ताता, खोटी खबर देणाऱ्याला मी होडीवर ठेवू शकत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे.

परवा म्हणजे तुझा तेरावा. मी थोरला, पहिलं पान माझं. आता दोन्हीकडं कसं जाणार म्हणून बाराव्या दिवशी संध्याकाळी कुमुदला सांगायला गेलो. आधी वाटलं, साहेबांचं काम आहे एवढंच सांगावं. पण ती समोर बसली, तुझ्या वह्यांचा गठ्ठा बांधत होती, तुझ्या विद्यार्थ्यांना देण्यासाठी. शेवटच्या वहीत तुझं ते घसरलेलं अक्षर होतं. मी सगळं सांगितलं. संत्र्यांपासून पोह्यांपर्यंत.

ती रडली नाही. गाठ बांधत राहिली. मग म्हणाली, शेवटच्या रात्री ते झोपेत सारखे विचारत होते, दादानं उतार बघितला का, उतार बघितला का. मी म्हणत होते, बघितला हो, झोपा आता.

मी म्हटलं, कुमुद.

ती म्हणाली, “उद्या तेराव्याला येऊ नका, भावजी. आणि नंतरही नका.”

मी उठलो, चपला घातल्या. तिनं दार लावलं, आपटलं नाही, नेहमीसारखंच लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडं तुझी पानं मांडली जात असतील, आणि इकडं मी साहेबांना होडीत बसवलं. रिकामे पिंजरे होडीच्या मागच्या बाजूला होते. ऊन चढायच्या आत बेटावर उतरलो. करवंदीजवळ आलो तोच जाळीतून मादी बाहेर आली, मांजराची. तोंडात नाचऱ्याचं पिल्लू होतं, अजून फडफडत होतं. आमच्याकडं बघितलं, दातांत घट्ट धरलं आणि पिल्लाची मान मोडली. साहेब माझ्याकडं वळले. मग मागं होडीतल्या पिंजऱ्यांकडं बघितलं.

मी म्हटलं, “मांजर खाणारच, साहेब. पुढच्या झाडापाशी चला.”